काळ्या वायरवरची पांढरी रेघ

हिरो होंडाची सीडी हंड्रेड १९८५ साली आली. तिच्या जाहिरातीत गिऱ्हाइकाला तीनच आज्ञा होत्या : पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. अण्णांनी पुढे त्याच घराण्यातली स्प्लेंडर घेतली आणि पहिल्या दोन आज्ञा जन्मभर पाळल्या. तिसरी मी पाळली. अण्णा गेल्यावर गाडी जिन्याखाली लावली ती लावलीच. टाकीवर ज्यांची नावं जोडीनं लिहिली होती, त्या दोन कंपन्यांचा काडीमोड २०१० साली ठरला. गाडीला त्याचा पत्ता नसावा.

अगदीच विसरलो म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. दर दसऱ्याला मी तिला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालत होतो. नऊ वर्षांत नऊ माळा आणि ऑइल एकदाही नाही. असल्या वागणुकीतून गाडीनं काय समजायचं? हार तर आपण फोटोलाही घालतो.

मग सोसायटीची नोटीस लागली. 'पार्किंगमधील बंद वाहने महिनाअखेर हलवावीत, अन्यथा भंगारात काढण्यात येतील.' भंगारवाला येऊन गेला आणि त्यानं भाव किलोवर सांगितला. अण्णांची गाडी रद्दीच्या काट्यावर चढणार, हे काही मला सोसेना. त्याच रविवारी बाह्या सरसावल्या.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वार्निशचा वास येत होता. ते ओतून दिलं. कार्बोरेटर धुतला, ऑइल बदललं, टायरमध्ये हवा भरली आणि चांगली नवी बॅटरी आणली. चावी फिरवताच हिरवा दिवा लागला, इंडिकेटर लुकलुकले, हॉर्न असा वाजला की वॉचमननं सवयीनं गेट उघडलं. आता काय, एक किक! एक झाली, चाळीस झाल्या, इंजिन ढिम्म.

पुण्यात रस्त्यात गाडी बंद पडली की मदतीला एक माणूस येतो आणि सल्ला द्यायला चार. पार्किंगमध्ये हे प्रमाण आणखी बिघडतं. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "कचरा आलाय." हे ते कुकरच्या शिट्टीबद्दलही म्हणतात. वॉचमनमामा स्कूटरच्या जमान्यातले. त्यांनी गाडी आडवी करून बघायला सांगितलं. केली. आधी नुसती बंद होती, आता बंद आणि जड झाली.

शेवटी भाचा आला. तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे. म्हणजे घरातला पंखा त्याला दुरुस्त करता येत नाही, पण का येत नाही ते सांगता येतं. त्यानं प्लग काढला, पुन्हा कॅपमध्ये खोचला, इंजिनच्या हेडला टेकवला आणि मला किक मारायला लावली. प्लगच्या टोकाशी मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. तिच्यातून निळी ठिणगी उडायला हवी. ग्रहण बघावं तसे आम्ही चौघं त्या फटीवर वाकलो. "मामा, करंटच नाही," भाच्यानं निदान केलं.

मग मी नाना पेठेत गेलो. गाडीच्या पार्टसाठी नाना पेठेत जाणारा माणूस एका पार्टवर परत येत नाही. प्लग घेतला, कॅप घेतली, कॉइल घेतली आणि सीडीआय घेतला. सीडीआय ही ठिणगीचा करंट सोडणारी, काडेपेटीएवढी काळी डबी. आत ओतीव लेप भरलेला असतो, त्यामुळे ती उघडून बघायची सोय नाही. म्हणूनच मोटरसायकलच्या जगात कुठलाही आळ तिच्यावर बिनदिक्कत घेता येतो.

"ओरिजिनल देऊ की चालणारा?" दुकानदारानं विचारलं.

"ओरिजिनल चालत नाही का?"

"चालतो ना. महाग चालतो."

महाग चालणारा आणला. सगळं नवं लावलं. किक मारली. ग्रहण पुन्हा दिसलं नाही.

भाच्यानं मल्टिमीटर काढून मॅग्नेटच्या आतल्या दोन्ही कॉइल तपासल्या. दोन्ही ठणठणीत निघाल्या. मग तो म्हणाला, "मामा, हिच्यात ठिणगीचा करंट मॅग्नेट फिरला की तिथंच तयार होतो. बॅटरीचा काही संबंध नाही."

"मग मी नवी बॅटरी का आणली?"

"हॉर्न छान वाजतोय की."

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री त्या दिवशी सुट्टीवर होता. चहाच्या बोलीवर आला. त्यानं नव्या पार्टांकडे, लग्नात नकोशा पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि काही न विचारता सीडीआयच्या सॉकेटमधून एकच वायर बाहेर ओढली. काळी, तिच्यावर पांढरी रेघ. "धरा प्लग," मला म्हणाला, आणि स्वतः किक मारली.

घाईत माझा अंगठा प्लगच्या लोखंडावर होता आणि प्लग हेडला टेकलेलाच नव्हता. करंट आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर मला खांद्यापर्यंत मिळालं.

"साहेब, गाडी बिघडलेली नाहीच," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "तिला बंद करून ठेवलंय."

तेव्हा कळलं की या गाडीच्या चावीचा कारभार उलटा आहे. आपल्याला वाटतं, चावी फिरवली की काहीतरी जोडलं जातं. दिव्याचं आणि हॉर्नचं जोडलं जातंही. ठिणगीचं मात्र तुटतं. चावी बंद असते तेव्हा ही काळी-पांढरी वायर सीडीआयला अर्थिंगशी जोडून ठेवते आणि तयार झालेला सगळा करंट चासीत जिरतो. चावी चालू केली की ती जोडणी सुटते आणि करंट प्लगकडे जायला मोकळा होतो. म्हणजे गाडी चालू करायची नसतेच, बंद करणं तेवढं थांबवायचं असतं.

आणि आमच्याकडे ते थांबतच नव्हतं. टाकी उचलली तर खाली उंदराचं घर निघालं. वाळलेल्या झेंडूचं अंथरूण, वर सोसायटीच्या नोटिसांच्या चिंध्या. थकबाकीदारांच्या यादीचा एक तुकडा काकांनी चष्मा सावरून वाचायला घेतला तेव्हा मिस्त्रीनं शहाणपणानं त्याला हात पुसले. त्याच उंदरानं त्या वायरीचं प्लास्टिक कुरतडलं होतं आणि उघडं तांबं चासीला चिकटलं होतं. चावी कुठंही फिरवा, गाडीला अहोरात्र एकच हुकूम : गप्प. जुना प्लग चांगला, जुनी कॉइल चांगली, जुना सीडीआयही चांगला. अण्णांनी आम्हाला लहानपणी 'गप्प बसा' म्हणून दम दिला की नंतर 'आता बोला' म्हणायचं राहूनच जाई. आम्ही पोरं मग जेवणं होईपर्यंत मुकी. ही त्यांचीच गाडी.

मिस्त्री टेप आणायला गॅरेजकडे गेला. "तोवर हात लावू नका," असं त्यानं बजावलं होतं. पण नऊ वर्षं थांबलेल्या माणसाला पाच मिनिटं निघत नाहीत. मी टाकी जागेवर बसवून पेट्रोलची नळी लावली, प्लग घट्ट केला, चोक ओढला आणि किक मारली.

तिसऱ्या किकला ती उठली! निळा धूर, जिन्यात घुमणारा आवाज आणि सायलेन्सरमधून उडालेली झेंडूची एक पाकळी. भाच्यानं व्हिडिओ काढला. माझा गळा दाटून आला. पोटभर ऐकून झाल्यावर मी चावी बंद केली.

ती चालूच.

चावी चालू केली, पुन्हा बंद केली. चालूच. बंद करणारी वायर मिस्त्रीनं काढली होती आणि मिस्त्री टेप आणायला गेला होता. रविवार, दुपारचे अडीच. पुण्यात या वेळेला दारावरची बेल वाजवणाराही दहादा विचार करतो. खिडक्या उघडू लागल्या.

"अहो, बंद करा ती!" वरून आवाज आला.

"होत नाहीये!"

"सकाळपासून चालू होत नव्हती ना?"

मी पेट्रोलचा कॉक फिरवला. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या थेंबांवर ती मजेत धडधडत राहिली. "मामा, कॅप ओढू का प्लगची?" भाच्यानं विचारलं. माझा अंगठा आपोआप खिशात गेला.

एवढ्यात सेक्रेटरी स्वतः खाली आले. बनियनवर टॉवेल, हातात बंद वाहनांची यादी. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कानाशी येऊन ओरडले, "चालू झाली वाटतं?"

"चालूच आहे!" मी ओरडलो.

त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आवाजाबद्दलची नवी नोटीस लिहायला घेतली.