घट्ट बसायचं का फिरायचं?

गेवराईत महामार्गालगत पत्र्याच्या शेडमध्ये जो लेथवाला असतो, त्याचं नाव कुणी विचारत नाही. तो मिस्तरी. लेथ बटाल्याची नाहीतर राजकोटची, वयानं त्याच्याहून थोरली. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार पडतो आणि तो पुढच्या खंडेनवमीपर्यंत तिथंच वाळतो.

मिस्तरी शेतकऱ्याशी सुतात बोलतो, इंजिनिअरशी एमएममध्ये, आणि मजुरी विचारली की कशातच बोलत नाही. "द्या की काय द्यायचं ते," म्हणतो. आपण देतो. तो नोटांकडे अशा नजरेनं बघतो की आपला हात आपोआप पुन्हा खिशात जातो.

दिवाळीनंतर गढीच्या कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या निघाल्या, की मिस्तरीला बारीक काम दिसत नाही. ट्रॉलीची पिन, हुक, जिनिंगवाल्याचा शाफ्ट, अशी वजनदार मंडळी पुढं. तुमची स्टीलची चिमुकली रिंग डालड्याच्या डब्यात जाते. "उद्या या." उद्या गेलं की डबा हुडकण्यापासून सुरुवात.

त्यात स्टील म्हटलं की गिऱ्हाईक घरून लोहचुंबक घेऊन येतं. चिकटलं नाही म्हणजे माल अस्सल, अशी त्याची श्रद्धा. मिस्तरी मुकाट्यानं दोन तुकडे पुढं करतो, एक 304 आणि एक स्वस्तातला 202. चुंबक दोन्हीला चिकटत नाही. मग बोअरच्या मोटारीचा जुना 410 चा शाफ्ट काढतो. तोही स्टेनलेसच, पण त्याला चुंबक टपकन चिकटतं. गिऱ्हाईक चुंबक खिशात घालतं. ही परीक्षा मिस्तरी फुकट घेतो. त्याच्या दुकानात फुकट एवढं एकच.

एरवी कट चालू असतानाही त्याच्या कानाला फोन असतो. स्टीलला टूल लागलं की मात्र फोन वाजत राहतो, घरून आला तरी. कारण विचारा. "थांबलं की रुसतंय ह्ये." खरंच आहे ते. टूल बोथट झालं किंवा एका जागी नुसतं घासत राहिलं, की स्टीलचा पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि पुढच्या कटाला टूलचाच बळी जातो. म्हणून फेरे कमी, कट दमदार आणि पाणी भरपूर. लांबच लांब तापलेली तार गुंडाळत निघते. ती हातानं ओढायला जाणारा पोरगा त्या शेडमध्ये एकदाच तसं करतो.

या मिस्तरीची खरी गाठ पडते ती दिवाळीला वाळूजहून गावी आलेल्या डिप्लोमावाल्या भाच्याशी. मामाच्या डेअरीच्या पंपाला शाफ्टवर बसवायची स्लीव्ह हवी असते. भाचा लॅपटॉपवर काढलेलं ड्रॉइंग पुढं करतो. आतला व्यास 25.00, खाली प्लस-मायनस, कोपऱ्यात स्वतःचं नाव. मिस्तरी कागद उलटा धरतो, सुलटा करतो, त्यावर चहाचा कप ठेवतो आणि विचारतो, "घट्ट बसायचं का फिरायचं?"

कॉलेजात फिट आणि टॉलरन्सवर अख्खी सेमिस्टर घालवणाऱ्यांनी हा प्रश्न जरूर ऐकावा. भाचा मात्र दुखावतो. "सगळं लिहिलंय त्यात."

"लिवलंय व्हय. शाफ्ट आणलाव का?"

शाफ्ट आणलेला नसतो. मामाला मोटारसायकलवर पिटाळलं जातं. शाफ्ट येतो, मिस्तरी व्हर्निअर लावतो, 'हं' म्हणतो आणि कामाला लागतो. संध्याकाळी भाचा आपला डिजिटल व्हर्निअर काढून स्लीव्ह मोजतो. 24.80! त्याचा चेहरा फुलतो. "मिस्तरी, चुकलं. ड्रॉइंगमध्ये पंचवीस आहे."

मिस्तरी स्लीव्ह शाफ्टवर ठेवतो, लाकडाचा ठोकळा धरून हलकेच दोन ठोके देतो. गच्च. शाफ्ट इतक्या वर्षांत झिजलेला आहे, हे मामाला ठाऊक असतं, मिस्तरीला दिसलेलं असतं, फक्त लॅपटॉपला कुणी सांगितलेलं नसतं.

"कागदावरचं तेवढं खोडून घ्या, साहेब," मिस्तरी कप उचलत म्हणतो. "आणि चहाचे बी धरा बिलात."