अज्ञात सायकलस्वारास, सप्रेम नमस्कार

महोदय,

धडक दिल्यावर आपण थांबला नाहीत, त्यामुळे ओळख व्हायची राहून गेली. मी पुण्यात बसून अमेरिकन रुग्णालयांचे चार्ट कोड करते, म्हणजे रुग्णांच्या आजार-दुखापतींना वर्गीकरणातले ठरलेले कोड देते. त्यातल्या एका चार्टात आपला पराक्रम आहे, आपण मात्र नाही.

चार्ट एका आजींचा. नाव-गाव विचारू नका. तिथला १९९६ चा हिपा कायदा आमच्या मानगुटीवर बसलेला असतो. (आपल्या मानगुटीवर कोणताच बसलेला दिसत नाही.) उजवं मनगट मोडलं, एस ५२.५३१ए. हाडाच्या बाबतीत आमचं वर्गीकरण भारी चौकस. डावं की उजवं, जखम उघडी की बंद, उपचार चालू आहेत की हाड आता जुळून येतंय, सगळं खोदून खोदून विचारतं.

मग येतं, झालं कसं? त्यासाठी व्ही ०१ आहे: सायकलच्या धडकेत जखमी झालेला पादचारी. रस्त्यावर पायी चालत असेल तर व्ही ०१.१०, रोलर स्केट्सवर असेल तर .११, स्केटबोर्डवर असेल तर .१२. आजी पंचाहत्तरीच्या असल्या तरी सोय हवीच.

ठिकाणाचा कोड वेगळा. फुटपाथ म्हणजे वाय ९२.४८०. आपल्याला फुटपाथ हा रस्ताच वाटतो ना? वर्गीकरणालाही तसंच वाटतं. सार्वजनिक रस्त्याच्या एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंतची सगळी रुंदी ते रस्त्यातच धरतं. इतक्या वरच्या पातळीवर कुणाशी मत जुळल्याचा आनंद आपल्याला क्वचितच मिळत असेल.

एवढी जय्यत तयारी, आणि डॉक्टरांनी लिहिलं काय? ‘पडल्या.’ बस्स. नर्सच्या नोंदीत आजींचं म्हणणं आहे, ‘सायकलवाला कुठून आला कळलंच नाही.’ दोन नोंदींचा मेळ बसेना म्हणून मी डॉक्टरांना क्वेरी पाठवली. त्यातही ‘सायकलने उडवलं ना?’ असं विचारायची सोय नाही, उत्तर सुचवणारा प्रश्न नियमात बसत नाही. ‘दुखापत कशी झाली ते कृपया स्पष्ट करावे’ एवढंच साळसूदपणे लिहायचं. डॉक्टरांच्या पुढ्यात अशा किती क्वेऱ्या पडलेल्या असतील, देव जाणे.

घाई त्यांनाही नाही, कारण बिल मनगटावर निघतं. अपघाताच्या कारणाचा कोड पहिल्या क्रमांकावर कधीच बसत नाही, आणि एखाद्या राज्याने किंवा विमा कंपनीने मागितला नाही तर देशभर तो सक्तीचाही नाही. आपल्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही, महाराज.

आणि समजा, त्या गडबडीत आपणच आपटला असतात तर? तर आपल्याला स्वतंत्र कोड मिळाला असता, व्ही १०: पादचारी किंवा प्राणी यांच्याशी झालेल्या टकरीत जखमी सायकलस्वार. आजी आणि रस्त्यावरचं कुत्रं एकाच खान्यात! हे वर्गीकरण करणाऱ्यांनी आपल्या नजरेने जग पाहिलं असावं, अशी मला दाट शंका आहे.

चार्ट आज बंद करायचा आहे आणि क्वेरीला उत्तर नाही. तूर्त डब्ल्यू १९.एक्सएक्सएक्सए टाकलाय, म्हणजे कारण न नोंदवलेलं पडणं. आजी आपल्या आपण पडल्या. आपण निर्धास्त असावं.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली,
एक मेडिकल कोडर