लांबचं भाडं

नवी मुंबईच्या नव्या विमानतळाबाहेर पिवळ्या पाटीच्या गाडीला टेकून दादूस उभा असतो. त्याला नुसतं ‘पनवेल’ म्हणून बघा. गाववाला भेटल्याचा आनंद आणि दिवस बुडाल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर एकाच वेळी उमटतं. सकाळपासून तो लाइनीत आहे. पुण्याचं, निदान बोरिवलीचं भाडं लागावं म्हणून काचेला चिकटवलेल्या एकवीरा आईला त्यानं हातही जोडलेत. आणि नंबर लागल्यावर पदरात पडलं काय, तर पनवेलचाच उरण नाका!

“पनवेल? मग रिक्षानं का नाय...” हे वाक्य तो अर्ध्यावर गिळतो. पाहुण्याला असं विचारायची त्याची रीत नाही. आणि तुम्ही पाहुणेच, कारण त्याच्या लेखी तुम्ही विमानतळावर नव्हे, त्याच्या खळ्यात उतरलेले असता.

विमानतळासाठी सुमारे ११६० हेक्टर जमीन लागली. दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं. दादूसच्या डोक्यातला नकाशा मात्र कुणाला संपादित करता आला नाही. मोबाइलमधली बाई “पुढील चौकातून डावीकडे वळा” म्हणाली की तो तिच्यावर खेकसतो, “चिंचपाड्याकडं वळ असं सांग ना!” चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर ही नावं तो अशी घेतो, की खिडकीतून आता कुणीतरी हाक मारेल असं वाटावं.

गाडी सुरू झाली की तपासणी. “खिडकीत बसलेले का साहेब? चाकं टेकली तवा डाव्या हाताला काय दिसला?”

“धावपट्टी.”

“तिथं आमची भातशेती.”

उजव्या खिडकीतल्या प्रवाशालाही तो हेच ऐकवतो. धावपट्टी ३७०० मीटरची आहे. तिच्या दोन्ही अंगांना एकाच घराची शेती असती, तर दादूस आज टॅक्सी कशाला चालवता? पण सातबारा मागायचा नसतो. तो स्वतः विमानात अजून बसलेला नाही. वरून आपली जागा कशी दिसते, ते प्रवाशांच्याच तोंडून गोळा करतो.

लाइनीत तासन्‌तास थांबणं त्याला जड जात नाही, त्याची तालीम फार जुनी आहे. केंद्राची मंजुरी २००७ साली, भूमिपूजन २०१८ साली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवाशांचं पहिलं विमान नाताळच्या दिवशी. मधल्या काळात जमिनीच्या मोबदल्यात साडेबावीस टक्क्यांचा प्लॉट आला. “विमानासाठी घर सोडला आणि राहायला गेलो कुठं? पुष्पकनगरला!” हा विनोद तो प्रत्येक भाड्याला सांगतो, आणि दर वेळी आधी स्वतःच हसतो.

एका विषयावर मात्र हसायचं नाही. तुम्ही ‘नवी मुंबई एअरपोर्ट’ म्हणालात की आरशातून डोळे येतात. “दिबांचा विमानतळ बोला.” १९८४ साली जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. त्यांच्या नावासाठी २०२१ साली मानवी साखळी झाली, तिच्यात दादूस होता. हे सांगताना तो हॉर्नही वाजवत नाही. पनवेलच्या हद्दीत ही केवढी गोष्ट आहे, ते इथे गाडी चालवणाऱ्यांनाच कळेल.

“मुंबईत आलो” असं मात्र चुकून म्हणू नका. वडाळे तळं, फडके नाट्यगृह, शिरढोणचे वासुदेव बळवंत हा सगळा ऐवज तो दोन सिग्नलांत तुमच्यापुढे मांडतो. मुंबईला समुद्राशिवाय आहे काय, असा एकूण रोख. गाव त्याला एवढं प्यारं, फक्त तिथलं भाडं नको.

उरण नाक्याला गाडी थांबते. किती झाले?

“आता घरच्या मानसाकडून काय घ्यायचा... द्या समजून.”

समजून म्हणजे मोबाइलवर दिसणारे पैसे, अधिक पार्किंग, अधिक खाली गाडी परत न्यायचे. देताना थोडी घासाघीस करावी. नाहीतर आपण गाववाले नाही, असा त्याला संशय येतो. मग तो बॅग उतरवून देतो, खिशातून कार्ड काढतो, “कवाही फोन करा” म्हणतो. कार्डावर लोणावळा, पुणे, शिर्डी, महाबळेश्वर, गोवा अशी गावं ओळीनं छापलेली आहेत. पनवेल त्यात नाही.