किट टाकू की नवा घेऊ?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका खांबाला पाटी आहे : 'ही गाडी बंद पडलेली नाही. काम चालू आहे. सल्ले देऊ नयेत.' सोसायटी सदाशिव पेठेत असल्यामुळे तिसऱ्या वाक्याचं कुणाला काही वाटत नाही. गंमत पहिल्या दोन वाक्यांत आहे, कारण पाटी लावून सहा वर्षं झाली.

गाडी म्हणजे १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आणि मालक म्हणजे आमचे अप्पा. गाडीला 'पद्मिनी' म्हटलं तर अप्पा ओळख दाखवत नाहीत. 'फियाट' म्हणायचं. १९६४पासून ती कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट म्हणून बाहेर पडायची. मग ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४मध्ये पद्मिनी. "लग्नात नाव बदललं म्हणून माहेरचे काय नव्या नावानं हाक मारतात?" हा अप्पांचा सवाल.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांत दोन घराणी आहेत. एक मिरवणाऱ्यांचं. वर्षातून एकदा गाडीला हार घालायचा, स्वतः टोपी घालायची आणि रॅलीत दहाच्या वेगानं जाऊन फोटो काढून घ्यायचे. दुसरं घराणं जुळवणाऱ्यांचं. मैफलीआधी तंबोरा जुळवत बसणारे असतात ना, तसं. अप्पा या दुसऱ्या घराण्यातले बुजुर्ग. मैफल कधी सुरू होत नाही, पण जुळवणी अशी की लोक दोन दोन तास बॉनेटभोवती उभे राहतात.

गेली दोन वर्षं जुळवणी कार्बोरेटरवर येऊन थांबली आहे. त्याला किट टाकायचं की नवाच घ्यायचा? या एका प्रश्नावर अप्पांनी जेवढा खल केला आहे, तेवढा काकूंना होकार देताना केला नव्हता. हे काकूंनीच सांगितलं.

तक्रार साधी होती. चोक ओढला की गाडी सुरू व्हायची, पण रेसिंग धरायची नाही. अलका टॉकीजच्या सिग्नलला थांबलं की गुरगुर, मग खोकला, मग शांतता. त्यामुळे अप्पा एकाच पायाची टाच ब्रेकवर आणि चवडा अॅक्सिलरेटरवर ठेवून सिग्नल काढायचे. प्लग काळे पडत होते. घरात पेट्रोलचा वास यायचा. "यांना तो वास अत्तरासारखा येतो," काकू म्हणाल्या, "माझं डोकं उठतं."

कार्बोरेटर म्हणजे काय, हे अप्पा पोह्यांवरून समजावतात. एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण पंधरा भाग हवा, हे प्रमाण. पाणी जास्त झालं तर पोह्यांचा लगदा, कमी झालं तर कोरडे ठणठणीत. "आणि हे प्रमाण तो एकटा सांभाळतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. गळ्याशी वाट अरुंद केली की हवा तिथून जोरात जाते, दाब उतरतो आणि पेट्रोल आपलं आपण वर ओढलं जातं. बस!" हे सांगताना अप्पांचा चेहरा कीर्तनकारासारखा होतो. तुम्ही मान डोलावली नाहीत, तर ते पोह्यांपासून पुन्हा सुरुवात करतात.

शेवटी नाना पेठेतले उस्ताद आले. गाडीच्या खोडीचं नाव ऐकायच्या आत ते इंजिन ऐकतात. त्यांनी एअर क्लीनर काढला, थ्रॉटलचा स्पिंडल दोन बोटांत धरला आणि हलवला. सहा वर्षांच्या पोराचा दुधाचा दात हलावा तसा तो हलला.

"अप्पासाहेब, किटमध्ये काय येतं? गॅस्केटं, डायाफ्राम, सुईचा वॉल्व्ह. तुमचं तर बॉडीचं भोकच लांबट झालंय. तिथून चोरटी हवा आत जाते. किटनं भोक गोल होत नाही."

"मग?"

"लेथवर भोक मोठं करून पितळी बुश मारू. नाहीतर नवा घ्या."

एवढं सोपं उत्तर मिळाल्यावर सामान्य माणूस पैसे काढून मोकळा झाला असता. अप्पांनी सल्लामसलत सुरू केली. म्हणजे पाटी स्वतःच लावून स्वतःच मोडली.

बंगलोरच्या मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, नवा घ्या, मी ऑनलाइन मागवतो." तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "मूळ वस्तू ती मूळ वस्तू." मी म्हटलं, "अप्पा, बुश मारून घ्या, स्वस्त पडेल." त्यावर अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरातल्या बाळकृष्णाची किंमत विचारली. काकूंचं मत सर्वांत स्पष्ट होतं. "यांना डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगून चार वर्षं झाली. तेव्हाही हेच. मूळचा आहे, चालतोय तोवर चालू दे. आधी यांचा बदला, मग गाडीचं बघू."

नव्याविरुद्ध अप्पांकडे कायदाही होता. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात 'व्हीए' येतं, पण गाडी मूळ रूपात हवी. "उद्या समितीनं बॉनेट उघडलं आणि आत नवा कार्बोरेटर दिसला तर?" नियमात चेसिस, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांची गोष्ट आहे, एवढ्याशा भागावर कोण बसतंय, असं मी सुचवून पाहिलं. शिवाय व्हिंटेज झालेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही, हेही सांगितलं. "म्हणजे मंडईत नेता येणार नाही?" काकूंनी विचारलं. "आत्ता तरी कुठे नेताय?" हे त्यांनी मनातच ठेवलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बिघाडाचं खापर मात्र अप्पा साखर कारखान्यांवर फोडतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, वॉशर फुगतात. "सहकार चळवळ आता माझ्या फ्लोट चेंबरपर्यंत पोचलीय," अप्पा म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडचा पाहुणा समोर असला की हे वाक्य जरा मोठ्यानं म्हणतात.

मग एका रविवारी 'नुसतं बघू तरी' म्हणून कार्बोरेटर खोलला गेला. अप्पा कुठलंही काम पेपर अंथरल्याशिवाय करत नाहीत आणि पेपर नेहमी काकूंनी वाचायच्या आधीचा असतो. गॅलरीत पुरवणी अंथरली गेली, त्यावर स्टीलचं ताट, ताटात पितळेचे जेट. अप्पांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं. एक जेट उचलून आभाळाकडे धरला. "हे बघ. पलीकडचं आभाळ गोल दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर फुंकायचं. तार घालायची नाही, तार घातली की जेट मेला. यावर आकडा कोरलाय ना, तो भोकाचा व्यास. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतात, आणि लोक टाचणी खुपसतात!" मग त्यांनी जेट ओठांत धरून फुंकला आणि पेट्रोलची चव घेऊन समाधानानं डोळे मिटले.

फ्लोटची पाळी आली. पितळेची ती इवलीशी डबी अप्पांनी कानाशी नेऊन हलवली. आत खळकन वाजलं. म्हणजे डबीत पेट्रोल शिरलं होतं. डबी जड झाली की नीट तरंगत नाही, सुई बसत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो मारतो. भोक शोधायचा उपाय म्हणजे गरम पाणी. अप्पा थेट स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं पातेलं उचललं. काकूंनी आधी गॅसचा कॉक बंद केला, मग खिडक्या उघडल्या, मग पातेल्याकडे बघून म्हणाल्या, "हे आता तुमचंच. यात मी चहा करणार नाही." पाण्यात बुडवताच डबीच्या कडेतून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. अप्पांच्या डोळ्यांत तो आनंद होता, जो नातवाचा पहिला दात दिसल्यावर असतो.

डाग द्यायला फ्लोट सोन्या मारुती चौकातल्या सोनाराकडे गेला, कारण डाग जड झाला तर फ्लोटचं वजन वाढतं आणि पेट्रोलची पातळी बिघडते. सोनारानं काट्यावर तोलून काम केलं. पावतीवर त्यानं 'दुरुस्ती, पितळी दागिना' असं लिहिलंय. ती पावती अप्पांनी जपून ठेवली आहे.

सुटा माल मिळवायला अप्पा बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जातात. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटेच उठून कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेले. जिथे गाडीचा जन्म, तिथेच तिची तेराव्याची खरेदी.

तेवढ्यात मुलानं मागवलेला नवा कार्बोरेटर आला. खोक्यात, प्लॅस्टिकमध्ये, चकचकीत. आता प्रश्न सुटला असं आम्हा सगळ्यांना वाटलं. अप्पांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, 'नुसतं बघू तरी' म्हणाले आणि काकूंनी वाचायचा पेपर पुन्हा गॅलरीत गेला. जेटचा आकडा पाचनं जास्त निघाला. फ्लोट प्लॅस्टिकचा. सुई मात्र अप्पांना पसंत पडली. ती काढून जुन्यात बसवली. दोन स्प्रिंगा आणि डायाफ्रामही गेला. नव्याचं जुनं करायला त्यांना एक रविवार पुरला. उरलेला सांगाडा शोकेसमध्ये गणपतीशेजारी आहे.

अखेर जुन्या बॉडीला उस्तादांनी बुश मारला. फ्लँज काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट केली आणि नट बेतानं आवळले. एका सकाळी अप्पांनी चोक ओढला. गाडी सुरू झाली. चोक आत गेला तरी ती सुरूच राहिली. रेसिंग असं धरलं की उस्तादांनी एअर क्लीनरवर पाण्याचा पेला ठेवला आणि पाण्याला नुसती शिरशिरी येत होती. दहा मिनिटं झाली. कुणी बोलेना. बॉनेटभोवतीची माणसं एकेक करून कामाला निघाली, कारण बघायला काही उरलं नव्हतं.

अप्पा एकटेच उभे होते. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसच्या पायरीवर उभे असतील तसे. मग त्यांनी मान तिरकी केली, कान पुढे केला.

"चाललीय खरी. पण डेल्कोचा आवाज ऐकलास? टायमिंगमध्ये काहीतरी…"

मी उत्तर द्यायच्या आत काकू जिन्यावरून खाली आल्या. हातात आजचा पेपर होता. बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तो आधी वाचलेला होता. काही न बोलता त्यांनी तो पुढच्या चाकाशी अंथरला आणि चारी कोपऱ्यांवर एकेक पाना ठेवला.