पाण्याबाहेरचा नावाडी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या तळ्यांच्या राज्यांत एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की गॅरेजांच्या दारांत एक विशिष्ट माणूस दिसू लागतो. समोर लाकडी घोडीवर टांगलेलं, होडीच्या मागे लावायचं जुनं ‘आउटबोर्ड’ इंजिन असतं. समजा, 1957 सालचं, 18 अश्वशक्तीचं जॉन्सन सीहॉर्स. माणसाच्या कपाळाला ग्रीसचं गंध, दातांत बोल्ट आणि चेहऱ्यावर मौनव्रत. मागे ट्रेलरवर ताडपत्री पांघरून बोट झोपलेली असते आणि तिला उठवायची घाई कोणालाच नसते. विचारलंत तर उत्तर ठरलेलं: ‘पाण्याचा पंप बदलतोय.’ बोट चालावी म्हणून हा पंप बदलतो, असा भोळा समज शेजाऱ्यापाजाऱ्यांत रूढ आहे. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. पंप बदलता यावा म्हणूनच त्याने बोट ठेवलेली असते.

पहिला पुरावा खुद्द पंपाचा. ज्याच्यासाठी एवढा यज्ञ चालतो, त्या पंपाचा सगळा जीव तळहातावर मावेल अशा एका रबरी पंख्यात, म्हणजे इंपेलरमध्ये असतो. त्याचं घर मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं. त्यामुळे फिरताना पाकळ्या एकीकडे दुमडतात, दुसरीकडे उघडतात आणि तळ्याचं पाणी वर ढकलून इंजिन थंड ठेवतात. हा पंखा कोरडा फिरवला की बघता बघता संपतो, आणि नुसता पडून राहिला तरी पाकळ्या वाकलेल्या त्या वाकलेल्याच राहतात. थोडक्यात, काम केलं तरी बिघडतो आणि नाही केलं तरी बिघडतो. छंदाला याहून भरवशाचा आधार कुठे मिळायचा! शिवाय तो बसवलाय खाली, गिअरच्या पेटीच्या डोक्यावर. तिथवर जायचं तर गिअरची दांडी सोडवायची आणि खालचा अख्खा भाग उतरवायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात साठ-सत्तर वर्षं रुतलेले पोलादी बोल्ट तोवर त्या अंगाशी एकजीव झालेले असतात. त्यांना आधी तेल पाजायचं, मग शेक द्यायचा, मग हळूच ठोकायचं. एवढी सेवा घेऊन त्यातला एक मान टाकतोच. मग ड्रिल करून तो काढणं आणि नवे आटे पाडणं हे स्वतंत्र पर्व सुरू होतं. पंखा बदलायला अर्धा तास लागतो, हे याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फक्त पंख्यापर्यंत पोचायला मे महिना लागतो.

दुसरा पुरावा चाचणीचा. नव्या इंजिनात पंप चालू असल्याची खूण म्हणून मागून पाण्याची एक बारीक धार सुटते. 1957च्या मॉडेलला अशी धारच नाही. म्हणून आपला नायक कचऱ्याचा मोठा पिंप पाण्याने भरतो, त्यात इंजिनाचे पाय बुडवतो, दोरी ओढतो आणि नवसाच्या मुलाचा ताप पाहावा तसा सिलिंडरच्या डोक्याला हात लावतो. हाताची खात्री पटेना, तर बोट ओलं करून टेकवतो. चर्र झालं नाही म्हणजे पंप पाणी फेकतोय. त्या क्षणी त्याच्या तोंडावर जो आनंद पसरतो, त्याला तोड नाही. पण नीट पाहा, तो टिकतो किती? निळ्या धुराचा लोट विरायच्या आत त्याच्या कपाळाला आठी पडते. त्याला इग्निशनच्या कॉइलची शंका आलेली असते. या इंजिनांच्या जुन्या कॉइलना तडे जातातच, त्यामुळे शंका रास्त असते. पण ती येताना त्याला जी हुशारी वाटते, ती तळ्यावर जायला निघालेल्या माणसाची नव्हे.

यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, माणूस कंजूष आहे. पण बोल्ट काढायच्या हत्यारांवर झालेल्या खर्चात एक बऱ्यापैकी चालू इंजिन आलं असतं. कोणी म्हणेल, त्याला मासेमारीचं वेड असेल. मासेमारीचं इंजिन पाहायचं तर मालवणच्या किनाऱ्यावर जावं; तिथे छोट्या होडीचं इंजिन बंद पडलं तर त्या दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे ते चालू होणं हाच दुरुस्तीचा शेवट. आपल्या नायकाकडे तीच सुरुवात. तिसरा तर्क जुन्या काळच्या ओढीचा. तोही पटत नाही, कारण या पंथात 1957 नंतर जन्मलेले भक्त भरपूर आहेत. आणि जुन्या काळाचं काय सांगता? ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने 1909 साली मिलवॉकीत अशी इंजिनं विकायला काढली. भर उन्हात तळ्यापलीकडून वल्ही मारत आइस्क्रीम आणताना ते वितळलं, म्हणून त्याला इंजिन सुचलं, अशी कथा सांगतात. म्हणजे घाम आणि वेळ वाचवण्यासाठी जन्मलेलं यंत्र आज घाम आणि वेळ यांच्याच नैवेद्यावर जगतंय.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र टाळता येणार नाही: नवं फोर-स्ट्रोक इंजिन शांत आहे, कमी पितं आणि पाणी कमी नासवतं. मान्य. जुनं टू-स्ट्रोक आपल्या इंधनाचा जवळपास चौथा हिस्सा न जाळताच बाहेर टाकतं. आपला नायक तळ्याच्या बाबतीत निर्दोष आहे तो एवढ्याचसाठी की तो तिथवर पोचतच नाही. पण यापुढचा हिशेब त्याच्या बाजूने लागतो. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी मूळ कंपनी 2000 साली दिवाळखोरीत गेली, आणि पुढच्या मालकाने एव्हिनरूडचं उत्पादन 2020 साली थांबवलं. कारखाना गेला, तो रबरी पंखा मात्र दुसरे कारखानदार आजही बनवतात आणि तो सहज मिळतो. का मिळतो? दर वसंतात तो मागणारं कोणीतरी गॅरेजच्या दारात उभं असतं म्हणून. जुन्या आउटबोर्ड इंजिनांच्या शौकिनांचा क्लब अमेरिकेत 1965 पासून आहे. ज्या कंपन्यांची इंजिनं ते पुसत बसले, त्यांतल्या कितीकांना या क्लबाने पोचवलं. आपल्या माणसाने बोट चालवली नसेल, पण सुटं करता येतं ते पुन्हा जोडताही येतं, ही विद्या त्याने चालू ठेवली. हाती साधा पाना आणि अंगी चिकाटी असेल त्याला उघडता यावं, असं ते यंत्र होतं. आजचं इंजिन उघडायचं तर आधी वॉरंटीची धास्ती.

म्हणून त्याला वेडा म्हणण्याआधी दोन गोष्टी त्याच्याकडून शिकून घ्या: पंप चालो न चालो, रबरी पंखा दोन-तीन वर्षांनी बदलावा, आणि पाण्याशिवाय इंजिन कधीही सुरू करू नये. तिसरी गोष्ट माझ्याकडून. असा कोणी तुमच्या शेजारी असेल, तर ‘बोट कधी काढणार?’ असं चुकूनही विचारू नका. नुसतं विचारा, ‘पाणी फेकतोय का?’

आणि मग तासभर तरी वेळ काढा.