चिऱ्याच्या घरात चाळीस हर्ट्झ

हल्ली काही चाकरमानी निवृत्त होऊन मालवणात परततात, ते छातीएवढे उंच स्पीकर घेऊन. मग त्यांची सेवा सुरू होते. भिंतीपासून किती इंच, तोंड किती आत वळवायचं, यात महिने जातात. देव्हाऱ्याच्या जागेचा एवढा खल कुणी केला नव्हता. चौदा फुटांची खोली साधारण 40 हर्ट्झला घुमते, कारण त्या स्वराची अर्धी तरंगलांबी तिच्यात नेमकी बसते. चिऱ्याच्या भिंतीही त्याला फारसं गिळत नाहीत. महागडी केबल घालून हे घुमणं जात नाही. खुर्ची दोन फूट सरकवली तर फरक पडतो. पण सरकवणं फुकट, म्हणून त्यावर विश्वास बसत नाही.

तेवढ्यात खारा वारा तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढवतो, आणि स्पीकरच्या कोनाभोवतीची कडा फोमची असेल तर दमटपणा तिचा हळूहळू भुगा करतो. जत्रेतला दशावतार पेटी, पखवाज आणि झांजेवर रात्र काढतो, हे या स्पीकरवाल्यांना सांगू नये. ते पखवाजाचा बास मोजायला येतील.

या मोजमापात गाणं मात्र दहा सेकंदांपलीकडे जात नाही. शेजारची काकी गडग्यावरून विचारते, "भाऊनू, पुरा गाणा कधी लावतलात?"