भिंत, वर्गणी आणि यॉट

अमेरिकेत प्रस्थापितांवर दातओठ खाणाऱ्यांचे गुरू म्हणजे स्टीव्ह बॅनन. हार्वर्डची पदवी, गोल्डमन सॅक्समधली नोकरी, मग हॉलिवूडचा पैसा. तळागाळातला माणूस म्हणतात तो हाच! मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधू, खर्च मेक्सिको देईल, असं ट्रम्प यांनी २०१६च्या प्रचारात सांगितलं होतं. मेक्सिकोनं खिशात हात घातला नाही, आणि वॉशिंग्टनच्या बाबूंवर कोणाचा भरवसा? मग लोकांनीच वर्गणी काढली, अडीच कोटी डॉलर्सहून अधिक. या मोहिमेत बॅननही होते. पै न् पै भिंतीलाच लागेल, असा शब्दही मिळाला.

ऑगस्ट २०२० मध्ये बॅनन यांना या वर्गणीतल्या फसवणुकीच्या आरोपावरून अटक झाली, ती परागंदा चिनी अब्जाधीशाच्या आलिशान यॉटवर. पकडायला आलं कोण? टपाल खात्याचे निरीक्षक! (बॅनन यांना ज्या सरकारी यंत्रणेचा पाया उखडायचा होता, तिच्यातलं सगळ्यात निरुपद्रवी वाटणारं खातं.) पुढच्या जानेवारीत ट्रम्प यांनी जाता जाता माफी देऊन टाकली. ती केंद्रापुरतीच चालते, म्हणून न्यूयॉर्क राज्यानं वेगळा खटला भरला. २०२५ मध्ये बॅनन यांनी गुन्हा कबूल केला, तुरुंग टळला. सीमा तीन हजार किलोमीटरहून लांब. वर्गणीची भिंत मोजक्याच किलोमीटरची, पण पावती मात्र प्रत्येकाला मिळाली असेल.